राजाच्या झग्याखालचा पट्टा

मित्रांनो, मी एक जुना चामड्याचा पट्टा आहे. कमरेचा. सध्या माझा मुक्काम अमेरिकेत रेडमंड गावी, एका घराच्या दाराजवळच्या कपाटात आहे. तिथे तांदळाचा एक रिकामा प्लॅस्टिकचा डबा आहे आणि त्या डब्यात मी आहे. झाकण घट्ट लावलेलं आहे.

तुम्ही छत्रीचं, फळ्याचं, घड्याळाचं आत्मवृत्त शाळेत लिहिलं असेल. ते सगळे बिचारे सज्जन. आयुष्यभर राबतात, धूळ खातात आणि शेवटी म्हणतात, आम्हाला जपा हो. मी काही सज्जन नाही. मी मुलांना मारलेलं आहे, तुमच्याएवढ्याच मुलांना. उगाच आडपडदा कशाला? आधीच सांगून टाकलेलं बरं.

माझा जन्मही मारातच झाला. नागपूरजवळ रामटेक आहे ना, तिकडच्या एका म्हशीच्या पाठीवर मी होतो. गुराखी तिला रोज काठीनं बडवायचा. त्यातला एक वळ अजून माझ्या तिसऱ्या भोकाशेजारी दिसतो. म्हैस मेल्यावर मला सोललं, चुन्यात बुडवलं, मिठात घातलं. मग रामटेकच्या बसस्टँडमागे बसणाऱ्या एका कारागिरानं मला रापीनं कापलं, आरीनं टोचलं आणि हातोडीनं ठोकठोक ठोकून पितळेचं बक्कल बसवलं. इतकं सोसल्यावर माझ्या अंगात माया कुठून येणार, तुम्हीच सांगा!

मला विकत घेतलं एकनाथरावांनी. ते रामटेकलाच वनखात्यात होते. उंच, ताठ, मिशा पिळलेल्या. सगळे त्यांना अण्णा म्हणत. खाकी पँटीवर मी असा शोभायचो की विचारू नका. पण माझं खरं काम घरात होतं. घरात मला नाव होतं, चौदावं रत्न. आपल्याकडे मार देण्याला चौदावं रत्न दाखवणं म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. अण्णांचा हात नुसता बक्कलाकडे गेला, तरी त्यांचा मुलगा प्रल्हाद जिथे असेल तिथे थिजायचा.

प्रल्हाद दहा वर्षांचा असताना त्यानं शेजाऱ्यांची सायकल न विचारता नेली आणि पुढचा दिवा फोडून आणली. अण्णांनी मला काढलं. अकरा फटके. मी मोजले, कारण तेव्हा मला त्याचा अभिमान वाटायचा. सहाव्या फटक्याला अण्णांच्या हातात मी उलटा आलो आणि बक्कल प्रल्हादच्या डाव्या भुवईवर बसलं. भुवई फाटली, डोळ्यात रक्त उतरलं. त्याची आई, लताबाई, स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडात कोंबून उभी होती. "पुरे करा हो," एवढंच ती म्हणाली, तेही हळू. पुढचे पाच फटके झालेच. मग तिनं जखमेत हळद दाबली. दुसऱ्या दिवशी शाळेत प्रल्हादनं सांगितलं, पडलो.

आणि मला सांगायला लाज वाटते, पण मजा यायची. हवेत सूं करत जायचं आणि सट्टकन बसायचं. खोटं कशाला बोलू?

पुढे प्रल्हाद शिकला, इंजिनिअर झाला. गावात लोक म्हणायचे, एकनाथरावांनी पोराला काय वळण लावलंय! ते कौतुक अण्णांचं होतं तसं माझंही होतं. प्रल्हाद अमेरिकेला निघाला, तेव्हा अण्णांनी मला कमरेवरून काढून त्याच्या हातात दिलं. "घेऊन जाय. यानंच तुले माणूस केलं," म्हणाले. प्रल्हाद त्यांच्या पाया पडला. मला कपाळाला लावलं.

रेडमंडमध्ये माझे दिवस सुखाचे गेले. कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्या माणसाच्या कमरेला काम ते काय? बाहेर पाऊस पिरपिर चालू, आत मी खुर्चीत वाकून बसलेला. प्रल्हादनं पुण्याच्या नेत्राशी लग्न केलं, निमिष झाला. निमिषला घरात मराठी समजायचं, पण उत्तर तो इंग्रजीत द्यायचा. प्रल्हाद त्याला रागवायचा, ओरडायचाही, पण मला कधी हात लावला नाही. मला वाटलं, झालो मी रिटायर.

मग लताबाई गेल्या आणि अण्णा सहा महिन्यांसाठी रेडमंडला राहायला आले. आता ते वाकले होते, मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, पण नजर तीच. आल्या आल्या त्यांनी प्रल्हादच्या कमरेकडे पाहिलं आणि खूश झाले.

जानेवारीत शाळेतून ईमेल आला. निमिषनं खेळाच्या मैदानावर एका मुलाच्या नाकावर ठोसा मारला होता. नाकातून रक्त आलं होतं. नेत्रा ऑफिसात होती. अण्णा सोफ्यावर चहा पीत होते.

"कायले एवढे लाड करता पोराचे?" ते म्हणाले. "एक डाव चौदावं रत्न दाखव. तू नाही का सुधारला?"

प्रल्हादनं मला काढलं. मारायला पहिल्यांदाच काढलं, तरी त्याच्या हाताला सगळं येत होतं. एक वेढा मुठीला, बक्कल आत, टोक बाहेर. "मारायचं नसतं!" तो ओरडत होता. "कुणालाही मारायचं नसतं, कळलं?" त्याचं वाक्य संपेपर्यंत माझे पाच फटके झाले होते. निमिष रडला नाही. तो नुसता "ओके, ओके, ओके" म्हणत राहिला.

तीन दिवसांनी निमिषनं पोहायच्या क्लासला जायला नकार दिला, तेव्हा नेत्रानं त्याचा शर्ट वर केला. पाठीवरचे वळ पाहून तिनं शर्ट खाली केला. मग बेडरूमचं दार लावून ती प्रल्हादला म्हणाली, "हे एकदा झालं. पुन्हा एकदा हा पट्टा काढलास ना, तर मी निमिषला घेऊन निघून जाईन. धमकी देत नाहीये, सांगून ठेवतेय."

प्रल्हाद रडला. आईची शपथ घेतली. "मग फेकून दे तो," नेत्रा म्हणाली.

"अगं, अण्णांनी दिलाय. फेकू कसा?"

झालं! वडिलांनी दिलेली वस्तू, ती फेकायची कशी? जिनं भुवई फोडली तीच वस्तू हा माणूस आशीर्वाद म्हणून कमरेला बांधून फिरत होता. आपल्या लोकांना कोण समजावणार? सकाळी मी पुन्हा लूपमधून सरकत गेलो.

जूनमध्ये अण्णांना नागपूरला सोडायला सगळे निघाले. वाटेत सोलला विमान बदलायचं होतं आणि मधे एक अख्खा दिवस होता. नेत्रानं ठरवलं, एअरपोर्टवर बसून काय करायचं, राजवाडा बघून घेऊ. कोणीच आधी कोरियात पाय ठेवला नव्हता. निमिषनं तर वहीत कोरियन 'हॅलो' लिहून पाठ केलं होतं.

सिएटलच्या विमानतळावर सिक्युरिटीची रांग लागली. "बेल्ट काढून ट्रेमध्ये ठेवा," असं ओरडून सांगत होते. प्रल्हादनं बक्कल सोडलं आणि मला झर्रकन ओढलं. त्याचं लक्ष घड्याळाकडे होतं. मागे निमिष उभा होता. तो आवाज ऐकताच निमिष जागच्या जागी खाली बसला. दोन्ही कोपरं वर, हात डोक्यावर, डोळे मिटलेले.

रांग थांबली. सिक्युरिटीवाली बाई पुढे आली, वाकली आणि म्हणाली, "यू ओके, बडी?"

"आय ऍम फाइन," निमिष म्हणाला आणि उठून बूट काढायला लागला. त्या बाईनं प्रल्हादकडे पाहिलं, ट्रेमधल्या माझ्याकडे पाहिलं, परत प्रल्हादकडे पाहिलं. प्रल्हादचा चेहरा राखेसारखा झाला होता. नेत्रानं तोंड फिरवलं. अण्णांना मात्र काही वावगं वाटलं नाही. "धाक पाहिजे तो आहे म्हणायचा," ते पुटपुटले. तेव्हाच मला कचऱ्याच्या डब्यात टाकलं असतं, तर पुढचं टळलं असतं. पण प्रल्हादनं मला उचललं आणि सवयीनं घातलं.

सोलमध्ये ऊन रणरणत होतं. ज्या राजवाड्यात गेलो त्याचं नाव चांगग्योंगगुंग. तिथला कोरियन पोशाख घालून गेलं की तिकीट लागत नाही, हे नेत्रानं वाचलं होतं. पोशाखाचं भाडं तिकिटापेक्षा कितीतरी जास्त होतं म्हणा, पण फुकट म्हटलं की आपला माणूस दोन मैल चालत जातो! दुकानातल्या बाईनं हसत हसत ठरवून टाकलं. बाबा राजा, मुलगा राजपुत्र. प्रल्हादला लाल झगा घातला, छातीवर सोनेरी ड्रॅगन. निमिषला निळा झगा आणि काळी टोपी. झग्यावरून राजाचा पट्टा आला. तो म्हणजे नुसतं एक कडक कडं, पोटाभोवती सैल लटकणारं. ना धरायला, ना मारायला. मी आत पँटीवर होतो आणि त्याला हसत होतो.

सकाळ छान गेली, खरंच सांगतो. मोठा लाकडी दरवाजा, हिरव्या-तांबड्या रंगांनी नटलेल्या वळचणी, फरसबंद अंगण. अंगणात दोन्ही बाजूंना दगडी खुणा रोवलेल्या, कोणत्या सरदारानं कुठे उभं राहायचं ते सांगणाऱ्या. निमिष प्रत्येक दगडापाशी उभा राहून मुजरा करत होता. प्रल्हाद सिंहासनाच्या पायऱ्यांपाशी ऐटीत उभा राहिला. "महाराज, जरा हसा की!" म्हणत नेत्रानं फोटो काढला. सहा महिन्यांत ती त्याच्याशी पहिल्यांदा थट्टेनं बोलली होती. निमिषनं बापाचा हात धरला. आपण होऊन धरला. प्रल्हादनं तो अगदी जपून धरला.

मग गाईड आली. मिसेस हान नावाची वयस्क बाई, आमच्यासारख्या आठ-दहा प्रवाशांना इंग्रजीत माहिती देत होती. एका दालनासमोर ती थांबली आणि प्रल्हाद-निमिषच्या पोशाखांकडे बघून जरा अडखळली.

"इथेच ते घडलं," ती म्हणाली. "राजा योंगजो आणि त्याचा मुलगा, युवराज सादो. बाप मुलाला सतत रागवायचा, सगळ्यांसमोर अपमान करायचा. मुलगा भेदरला, मग बिघडला, त्यानंही लोकांना मारलं. शेवटी बापानं तांदळाची लाकडी पेटी आणायला सांगितली." तिनं हातानं पेटीचा आकार दाखवला, माणूस गुडघे दुमडून जेमतेम मावेल एवढा. "राजानं मुलाला आत शिरायला सांगितलं. पेटी बंद केली. जुलैचा उकाडा होता. आठव्या दिवशी तो आत मेला."

निमिषनं हात वर केला, वर्गात करतात तसा. "राजाला कुणी थांब म्हटलं नाही?"

"म्हटलं ना. नातवानं," मिसेस हान म्हणाली. "सादोच्या मुलानं. माझ्या बाबांना सोडा, म्हणून तो आजोबांच्या विनवण्या करत होता. त्याला उचलून बाहेर नेलं. दहा वर्षांचा होता."

"आय ऍम टेन," निमिष म्हणाला. मग अगदी शांतपणे, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माय ग्रँडफादर हिट माय डॅड विथ अ बेल्ट. देन माय डॅड हिट मी. सेम बेल्ट."

आठ-दहा माणसं लाल झग्यातल्या राजाकडे बघायला लागली. एका गोऱ्या बाईनं आपल्या लेकीला जवळ ओढलं.

अण्णांना इंग्रजी बेताचंच. पण 'ग्रँडफादर' कळलं आणि 'बेल्ट' कळलं. "चारचौघात बापाची अब्रू काढतं बे!" ते कडाडले आणि त्यांनी निमिषच्या कानशिलात अशी लगावली की काळी टोपी फरशीवर गडगडत गेली. त्यांचा हात पुन्हा वर गेला.

"अण्णा, हात खाली!" प्रल्हाद ओरडला.

"तू मले शिकवतं?"

आणि मग प्रल्हादच्या आत चाळीस वर्षं साठलेलं सगळं एकदम वर आलं. त्यानं राजाचं ते कडं ओरबाडलं, ते तुटून दगडावर खणखणत पडलं. झगा वर खेचला. मला काढलं. पण ह्या वेळी मूठ चुकली. बक्कल बाहेर राहिलं. "तुम्हीच शिकवलंत ना?" तो किंचाळत होता. "आता बघा कसं लागतं! बघा!"

अण्णा मागे सरले, पायरीला अडखळले आणि खाली बसले. आणि मित्रांनो, त्या ताठ माणसानं काय केलं सांगू? दोन्ही कोपरं वर, हात डोक्यावर, डोळे मिटलेले. विमानतळावर निमिष बसला होता तसेच.

मी हवेत होतो. सूं करत खाली येत होतो. तेवढ्यात निळा झगा मधे आला.

"बाबा, नको! आजोबांना नको मारू!"

निमिष मराठीत ओरडला. त्या घाईत, मनापासून, मराठीत. मला थांबायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा थांबायचं होतं. पण मी पडलो चामडं, सुटलो की सुटलो. बक्कल निमिषच्या डाव्या भुवईवर बसलं.

मला ती जागा ओळखीची होती.

रक्त निळ्या झग्यावर सांडलं. प्रल्हादच्या हातातून मी गळून पडलो. तो गुडघ्यांवर आला आणि निमिषकडे हात पुढे केला, तर निमिष सरपटत मागे गेला. नेत्रा ओरडली नाही. तिनं स्वतःचा स्कार्फ त्याच्या भुवईवर दाबला, त्याला उचललं आणि एवढंच म्हणाली, "चल, बाळा." प्रल्हादकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

मिसेस हाननं फोन केला होता. पोलिसांनी प्रल्हादला दोन तास बसवून ठेवलं, राजाच्या झग्यातच. सोडताना मला त्याच्या हातात परत दिलं. दवाखान्यात निमिषला पाच टाके पडले. नेत्रानं तिथूनच तिकिटं बदलली आणि ती मुलाला घेऊन सिएटलला परत गेली. बाप-लेक नागपूरच्या वाटेला लागले. अख्ख्या प्रवासात अण्णा एकदाच बोलले, "म्या तं एक थापडच मारली होती."

त्याला आठ महिने झाले. नेत्रा आता जवळच्या दुसऱ्या गावात राहते. प्रल्हाद रिकाम्या घरी परतला, त्या दिवशी त्यानं मला कात्रीनं कापायला घेतलं होतं. मग थांबला. तांदळाचा डबा रिकामा केला, मला आत टाकलं आणि झाकण लावलं. नेत्रानं फोनवर विचारलं, अजून का ठेवलायस? तर म्हणाला, "फेकला तर मी विसरून जाईन." दर मंगळवारी तो राग आवरायच्या वर्गाला जातो. दर रविवारी रामटेकहून अण्णांचा फोन येतो. ते दर वेळी एकच विचारतात, "निमिषच्या भुवईले खूण राहिली का?" प्रल्हाद म्हणतो, "राहिली. माझ्यासारखीच."

दर शनिवारी दोन तास निमिष येतो. पहिल्या शनिवारी तो दारातूनच बापाच्या कमरेकडे बघून परत गाडीत जाऊन बसला. दुसऱ्या शनिवारीही तेच. तिसऱ्या शनिवारी प्रल्हादनं दार उघडलं, शर्ट वर खोचला आणि दोन्ही हात डोक्यावर नेले, विमानतळावर मशीनमध्ये उभे राहतात तसे. कमरेला काही नाही. वाळून काटकी झालाय, पँट खाली घसरत होती.

"टर्न अराउंड," निमिष म्हणाला.

प्रल्हाद गोल फिरला. तेव्हा कुठे पोरगं आत आलं. तेव्हापासून दर शनिवारी असंच चालतं. बाप हात वर करतो, गोल फिरतो, मुलगा तपासतो. ह्यावर कुणीच हसत नाही.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी वस्तू म्हणते, मला जपा. मी तसं म्हणणार नाही. तुमच्या घरात खिळ्याला, कपाटात, कुणाच्या कमरेला माझा कोणी भाऊबंद असेल, तर त्याला जपू नका. तो कोणी दिला, किती जुना, त्यानं कुणाला माणूस केलं, काही ऐकू नका. मी कुणालाही माणूस केलेलं नाही. जे माणूस झाले, ते माझ्यामुळे नाही झाले.

गेल्या शनिवारी पाऊस होता. निमिष ओलं जॅकेट अडकवायला कपाटाशी आला. दार उघडलं आणि धुरकट प्लॅस्टिकमधून त्यानं मला पाहिलं. मीही त्याला पाहिलं. भुवईच्या मधोमध एक पांढरी रेघ, तिथे केस आलेले नाहीत. मागे प्रल्हाद तसाच उभा होता, हात डोक्यावर.

"इट्स इन देअर?"

"हो."

निमिषनं दोन्ही तळहातांनी झाकण दाबून पाहिलं. चारही कोपरे दाबले. मग पाठीवरचं दप्तर काढलं, ते जड दप्तर डब्यावर ठेवलं आणि कपाट लावून घेतलं. आत अंधार झाला.

बाहेरून त्याचा आवाज आला, मराठीत.

"बाबा, हात खाली कर."